कलावंत आणि त्याची हौस

ज्याने आपले सारे आयुष्य एका कलेच्या चरणी वाहिले, त्याने दुसऱ्या एखाद्या छंदात मन गुंतवावे की नाही? प्रथमदर्शनी हा प्रश्न रिकामटेकड्यांचा वाटण्याचा संभव आहे. परंतु थोडे थांबून आपण आपल्याच मनाची झडती घेतली, तर तो तितका पोकळ नाही असे दिसून येईल. दिवसभर कचेरीत लेखणी झिजविणारा कारकून सायंकाळी पेटी पुढे ओढून बसला, तर आपण त्याच्या रसिकतेचे कौतुक करतो. डॉक्टरांनी गुलाबाची कलमे बांधली, वकिलांनी बुद्धिबळाच्या पटावर रात्र जागविली, तर त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. पण एखाद्या नावाजलेल्या गवयाने तंबोरा गवसणीत घालून कोपऱ्यात उभा करावा आणि कानांना हेडफोन लावून तारा, गुंडाळ्या व दिवे यांच्या पसाऱ्यात मध्यरात्रीपर्यंत बसावे, हे मात्र आपल्याला रुचत नाही. 'एवढा वेळ रियाजाला दिला असता तर!' हे उद्गार सहज आपल्या ओठांवर येतात. इतरांच्या बाबतीत जी रसिकता, तीच कलावंताच्या बाबतीत चैन का ठरावी, याचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

बिनतारी यंत्राचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले आहे. ज्याला 'हौशी रेडिओ' किंवा नुसते 'हॅम' म्हणतात, तो छंद आपल्या घरोघरी ऐकल्या जाणाऱ्या नभोवाणीहून अगदी निराळा. नभोवाणीत एकजण बोलतो आणि हजारो ऐकतात. येथे दोघे परस्परांशी बोलतात. हा छंद करणाऱ्याजवळ संदेश घेण्याचे यंत्र असते तसेच धाडण्याचेही असते. त्यासाठी सरकारची परीक्षा द्यावी लागते. विजेचे व रेडिओचे शास्त्र आणि कायदेकानू यांत उत्तीर्ण व्हावे लागते, आणि वरच्या श्रेणीचा परवाना हवा असेल तर मोर्सच्या सांकेतिक लिपीत मिनिटास ८ शब्द घेता व देता यावे लागतात. मग त्या माणसाला एक संकेतनाम मिळते. आपल्या देशात ते बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते, आणि आकाशमार्गावर हीच त्याची ओळख. या सेवेची जी व्याख्या साऱ्या राष्ट्रांनी मिळून मान्य केली आहे तीत म्हटले आहे, की स्वशिक्षण, परस्परसंवाद आणि तांत्रिक शोध यांसाठी, केवळ वैयक्तिक उद्देशाने आणि द्रव्यलाभाची अपेक्षा न ठेवता ही सेवा चालवावी. 'हौसेला मोल नाही' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. उधळपट्टी करणाऱ्यास टोमणा मारण्याकरिता आपण ती वापरतो. येथे तीच म्हण कायद्याच्या भाषेत, आणि पूर्ण गांभीर्याने, उतरलेली दिसते.

या छंदाने कित्येक नामांकित संगीतकारांना वेड लावले आहे. अमेरिकेतील गिटारवादक चेट ॲटकिन्स (१९२४–२००१) हा त्यांपैकी एक. त्याने स्वतःस 'प्रमाणित गिटारवादक' अशी एक गमतीची पदवी बहाल केली होती आणि तिची आद्याक्षरे आपल्या संकेतनामात गुंफून घेतली होती. ईगल्स या वाद्यवृंदातील जो वॉल्श तरुणपणापासून या छंदात रमला, तो कीर्ती आणि पैसा मिळाल्यावरही बाहेर पडला नाही. जवळजवळ जन्मांध असलेला गायक रॉनी मिलसॅप हाही याच पंथातला. त्याच्याहून कितीतरी आधी वाद्यवृंदाचा नायक अल्विनो रे (१९०८–२००४) याने लहानपणीच हा छंद धरला होता. पुढे १९३५ च्या सुमारास विजेवर वाजणाऱ्या गिटारीचा ध्वनिग्राहक बनविण्याच्या कामी याच मनुष्याचे साहाय्य झाले.

ही उदाहरणे परदेशची म्हणून बाजूस सारण्याचे कारण नाही. या छंदाची भावंडे आमच्या कृष्णा-पंचगंगेच्या मुलखात होऊन गेली आहेत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर होते. त्यांना ध्यास लागला तो बावीस श्रुतींचा. प्रत्येक स्वराची कंपने मोजावी, जुन्या ग्रंथांतील श्रुती आणि प्रत्यक्ष गळ्यातून निघणारी श्रुती यांचा मेळ घालून पाहावा, याकरिता त्यांनी यंत्रे जुळविली, अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाला समोर बसवून त्यांचे स्वर पारखून घेतले आणि १९१० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांच्या सोबतीस अर्नेस्ट क्लेमंट्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश होते. एक महसुलाचा अधिकारी आणि एक न्यायाधीश, दोघेही आपापले दप्तर मिटल्यावर कंपने मोजीत बसत! त्यांच्या निष्कर्षांवर पंडितांचे वाद झाले व होत राहतील. परंतु कंपनांच्या मागे लागलेल्या या माणसांत आणि मध्यरात्री लघुलहरी धुंडाळणाऱ्या हौशी माणसात आम्हांस तरी एकच रक्त दिसते.

आणि कोल्हापूर तर हौशी मंडळींचेच नगर. येथील गायन समाज देवल क्लब १८८३ चा. तो गायनाची हौस असलेल्या गृहस्थांनी चालविला आणि मोठमोठे गवई व वादक त्याच्या बैठकीत येऊन गेले. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) याच वातावरणात वाढले. वकिलीच्या व्यवसायात शिरलेला हा तरुण हार्मोनियमच्या नादाने त्यातून बाहेर पडला, १९११ मध्ये 'मानापमाना'च्या पदांना त्याने चाली दिल्या आणि हौशीचा बघता बघता व्यवसायी झाला. तेव्हा 'हौशी' हा शब्द आपण कच्चेपणाचा पर्याय म्हणून कितीही वापरला, तरी या शहरात तरी तो तसा वापरण्याचा आपल्याला अधिकार नाही.

परंतु येथेच प्रतिपक्षी उठून उभा राहील आणि म्हणेल, 'तुम्ही दिलेले देवल काय, टेंबे काय, हे अन्य व्यवसायातून संगीताकडे आले. आमचा आक्षेप संगीतातून अन्यत्र जाणाऱ्यावर आहे. कोल्हापूरचेच नाव घेता, तर अल्लादियाखाँसाहेबांचे नाव घ्या!' हा आक्षेप हलक्या हाताने उडवून लावण्यासारखा नाही. खाँसाहेब (१८५५–१९४६) शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरास आले आणि महाराज १९२२ मध्ये निवर्तले तोपर्यंत येथे राहिले. उमेदीच्या काळात एका संस्थानात अतोनात गावे लागल्यामुळे त्यांचा आवाज बसला. गवयाचा आवाज जाणे म्हणजे सैनिकाचा हात तुटणे. तथापि त्यांनी दुसरा मार्ग धुंडाळला नाही. जो आवाज उरला त्याच्याशीच झगडून, त्याला साजेल अशी पेचदार, लयीशी घट्ट बांधलेली गायकी त्यांनी घडविली. आज ती जयपूर-अत्रौली घराण्याच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी आपले गाणे ध्वनिमुद्रिकेवर उतरवू दिले नाही. जे काही उरले ते शिष्यांच्या गळ्यात उरले. अशा पुरुषापुढे कोणी म्हणेल, की संध्याकाळी थोडा वेळ यंत्राशी खेळलात तर बरे, तर ते हास्यास्पद होईल, हे आम्ही मान्य करतो. काही जीव एकाच ज्योतीने जळण्यासाठी जन्मास येतात. त्यांना छंद शिकवू नये. परंतु त्यांच्यावरून सर्वांसाठी नियमही बांधू नये. हिमालयाची उंची खरी असली, तरी म्हणून पन्हाळ्याला कोणी गड म्हणायचे सोडीत नाही.

आता छंदाच्या बाजूने जे पहिले उत्तर सुचते ते असे, की या छंदाचा संगीतालाच उपयोग होतो. हे उत्तर खरे आहे, आणि ते किती खरे आहे हे थोडक्यात सांगितले पाहिजे.

मिरजेचे तंबोरे साऱ्या हिंदुस्थानात जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. हा तंबोरा जुळविणारा काय ऐकतो? जोडीच्या दोन तारा षड्जात लावताना त्या किंचित विजोड असल्या, तर त्यांच्या नादात एक हेलकावा ऐकू येतो. एका तारेची सेकंदाला १४० कंपने आणि दुसरीची १४३ असली, तर सेकंदाला ३ हेलकावे. खुंटी पिळता पिळता हेलकावे संथ होतात, अधिक संथ होतात आणि अखेर नाहीसे होतात. तारा एकजीव झाल्या. हौशी रेडिओवर दुसऱ्या केंद्राच्या लहरीशी आपली लहर जुळविताना हाच व्यवहार चालतो. दोन लहरींतील अंतर कानाला सुराच्या रूपाने ऐकू येते, तो सूर खाली उतरत जातो, मग नुसती धडधड उरते, आणि तीही शमली म्हणजे मेळ झाला. ज्याने बालपणापासून तंबोरा लावला, त्याला ही विद्या नव्याने शिकावी लागत नाही.

मोर्स लिपीचेही तसेच. तीतील लहान-मोठे ध्वनी जो कागदावरची टिंबे आणि रेघा म्हणून पाठ करतो, तो लवकरच अडखळतो. जो तबल्याच्या बोलांप्रमाणे ते तोंडी म्हणतो, तो तरून जातो. 'कोणी आहे काय?' अशी साद घालण्यासाठी जी दोन अक्षरे वापरतात ती कानाला 'दा-दि-दा-दि, दा-दा-दि-दा' अशी ऐकू येतात. तो एक तुकडाच आहे म्हणाना. तीन लहान आणि एक दीर्घ मिळून इंग्रजी 'व्ही' हे अक्षर होते. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा आरंभ याच वजनाचा असल्यामुळे दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, बीबीसीने विजयाची खूण म्हणून ते वजन नगाऱ्यावर वाजवून युरोपभर ऐकविले. लय आणि लिपी यांचे नाते इतके जवळचे आहे.

इतके सगळे खरे असूनही आम्हांस या उत्तराने समाधान होत नाही. कारण हे उत्तर स्वीकारले, की छंद हा छंद राहत नाही. तो रियाजाचाच एक पोटविभाग होतो. 'कान तयार होतो म्हणून यंत्राशी बसलेला चालेल,' असे म्हणणाऱ्याने प्रतिपक्ष्याचाच सिद्धांत मान्य केला. प्रत्येक घटकेने आपला हिशेब द्यावा, प्रत्येक आवडीने आपल्या उपयोगाचा दाखला पुढे करावा, हाच तो सिद्धांत होय. उद्या एखाद्या छंदाने कान तयार झाला नाही, तर तो सोडून द्यावयाचा काय? छंदाचे समर्थन उपयोगावर उभारणे म्हणजे मैत्रीचे समर्थन उसनवारीवर उभारण्यासारखे आहे. मित्र अडीनडीला पैसे देतो हे खरे. पण तेवढ्यासाठी जो मित्र जोडतो, त्याला आपण मित्र म्हणत नाही.

तेव्हा उत्तर अन्यत्र शोधले पाहिजे, आणि त्याचा माग आम्हांस या छंदाच्याच एका विलक्षण नियमात सापडतो. हौशी रेडिओवर संगीत वर्ज्य आहे! आपल्या सरकारच्या १९७८ च्या नियमावलीत करमणुकीचे अथवा संगीताचे प्रक्षेपण करण्यास स्पष्ट मनाई केलेली आहे, आणि अमेरिकेतही नियम याच स्वरूपाचा आहे. नियमाचा हेतू उघड आहे. हौशी केंद्राने नभोवाणीचे केंद्र बनू नये, एवढाच तो. यात दैवाचा एक खेळ आहे, तोही पाहण्यासारखा आहे. आपल्या देशात आकाशमार्गाने जनतेला संगीत ऐकविण्याची सुरुवात हौशी मंडळींनीच केली. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ मध्ये आणि मद्रासच्या क्लबने १९२४ मध्ये कार्यक्रम ऐकविले; त्यानंतर १९२७ मध्ये मुंबईस व्यापारी कंपनीचे केंद्र निघाले, आणि १९३६ पासून 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव रूढ झाले. 'आकाशवाणी' हे गोड नाव देखील प्रथम दिले ते म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी, १९३५ मध्ये आपल्या घरी हौसेने उभारलेल्या केंद्राला. हौशी लोकांनी घर बांधले, पाळणा टांगला, आणि पुढे त्या घरात गाणे म्हणण्याची त्यांनाच बंदी झाली.

आणि बंदी नसती तरी गाणे तेथे निभावले नसते. बोलण्यापुरता जो पट्टा वापरतात त्यातून सेकंदाला सुमारे ३०० पासून २,७०० पर्यंतचीच कंपने पलीकडे पोचतात. पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाची कंपने ७० च्या आसपास. तो मूळ नाद वाटेतच गळून पडतो. शिवाय ऐकणाऱ्याचे यंत्र जरा जरी विजोड लागले, तर आवाजातील प्रत्येक कंपनसंख्येत सारखीच भर पडते. २००, ४०० आणि ६०० यांचे २३०, ४३० आणि ६३० होतात. दुपटी-तिपटीचे नाते, ज्यावर सारा स्वरमेळ उभा आहे, ते तुटून जाते. शब्द कळतात, सूर मोडतो.

याचा अर्थ काय झाला, तो पाहा. संगीतकार या छंदाच्या उंबरठ्यावर आला, की त्याला आपली कला चपलांसारखी बाहेर काढून ठेवावी लागते. त्याचा गळा तेथे चालत नाही, त्याचे नाव चालत नाही, त्याच्या घराण्याचा दाब चालत नाही. तो एक संकेतनाम आहे, शेजारच्या संकेतनामासारखा. सारी रात्र जागून दूरच्या देशात त्याचा क्षीण संदेश पोचला, तर पलीकडचा माणूस त्याला एवढेच सांगतो, की 'तुमचा आवाज इतका स्पष्ट, इतका बळकट ऐकू आला.' त्यात वाहवा नसते आणि बिदागीही नसते. आणि या छंदाचा पहिला शिष्टाचार कोणता? बोलण्यापूर्वी ऐकावे. मार्ग मोकळा आहे काय, दुसऱ्या कोणाचे बोलणे चालू आहे काय, हे ऐकून मगच तोंड उघडावे. जन्मभर ज्याला इतरांनी ऐकले, त्याने येथे येऊन ऐकावयास बसावे, हा केवढा पालट आहे!

या पालटाची गरज व्यवसायी कलावंताला किती असते, हे त्याच्या जीवनक्रमाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. कलेवर पोट चालू लागले, की कला आणि तो यांच्यामध्ये तिसरा कोणी तरी येऊन बसतो. पूर्वी तो संस्थानिक होता, मग नाटक कंपनीचा मालक झाला, मग तिकीट काढून आलेला प्रेक्षक झाला. नभोवाणीचेच पाहा. ऑल इंडिया रेडिओने १९४० च्या मार्च महिन्यात हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके पूर्णपणे उठली नाही. पेटीचे स्वर साचेबंद आणि तिच्यातून मींड निघत नाही, असा पक्ष होता. तो पक्ष विचारार्ह असेलही. पण ज्या कोल्हापूरकराने त्याच पेटीसाठी वकिली सोडली, त्याच्या वाद्याला त्या काळच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठाचे दार लागले, हे तर खरे. पुढे केसकर मंत्री असताना (१९५२–१९६२) गायकवादकांची परीक्षा घेऊन त्यांना श्रेण्या लावण्यात आल्या. नव्या गुणी माणसाला त्यामुळे वाट सापडली हे खरे, आणि जन्मभर गाऊन केस पिकलेल्यास परीक्षेस बसावे लागले हेही खरे. आम्ही येथे कोणाचा न्याय करीत नाही. सांगावयाचे इतकेच, की ज्यावर प्रेम केले तेच विकावे लागणे ही कलावंताच्या नशिबाची गाठ आहे. ती सोडविता येत नाही. मग निदान एक कोपरा असा असावा, की जेथे आवडीला कोणी भाव पुसणार नाही, जेथे हरण्याने अब्रू जाणार नाही, आणि जेथे शिकाऊ असण्याचा आनंद पुन्हा एकदा भोगता येईल. त्या कोपऱ्यात बसलेला माणूस संगीताशी बेइमानी करीत नाही. संगीत ज्यातून उगवले, ती निरपेक्ष आवड तो जिवंत ठेवीत असतो.

छंद उपयोगी पडावा म्हणून धरू नये, असे आम्ही म्हणतो; तो कधीच उपयोगी पडत नाही असे मात्र म्हणत नाही. २००४ च्या डिसेंबरात अंदमानात हौशी रेडिओवाल्यांची एक मंडळी केवळ छंदापोटी यंत्रे मांडून बसली होती. २६ तारखेस त्सुनामी आली, इतर दळणवळण तुटले, आणि त्या यंत्रांवरून बुडालेल्या बेटांची खबर मुख्य भूमीपर्यंत पोचू लागली. महापुराने वेढलेले कोल्हापूर ज्यांनी २०१९ मध्ये पाहिले आहे, त्यांना तुटलेल्या दळणवळणाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु ती मंडळी तेथे गेली होती ती आपत्तीची वाट पाहत नव्हे. हौस निर्हेतुक होती म्हणूनच ती योग्य वेळी योग्य जागी हजर होती. केवळ उपयोगासाठी त्या दिवशी तेथे कोणी गेले नसते.

आता दुसरी बाजूही स्पष्ट बोलली पाहिजे, नाही तर आमचे म्हणणे आळशाच्या हाती कोलीत दिल्यासारखे होईल. छंदाला मोल नाही हे खरे असले, तरी छंदाच्या घटकांचे मोल कोणी ना कोणी भरीतच असते. गवई यंत्रापुढे बसला असता त्याचा शिष्य ओसरीवर तंबोरा लावून ताटकळत बसला असेल, किंवा घरातील गृहिणी किराण्याच्या यादीवरून एकेक जिन्नस खोडीत असेल, तर त्या हौसेचे मोल तेच देत आहेत. दुसऱ्याच्या खर्चाने केलेल्या हौसेला निरपेक्ष म्हणता येणार नाही. तसेच रियाजात एखादी जागा अडली, ती सुटत नाही म्हणून जो यंत्राकडे पळतो, त्याचा छंद म्हणजे लपण्याची खोली आहे. या दोहोंतील भेद बाहेरच्याला कळत नाही. ज्याचा त्यालाच कळतो. छंदातून उठल्यावर तंबोऱ्याकडे जाताना पाऊल जड होते की हलके, एवढे त्याने स्वतःशी प्रामाणिकपणे पाहावे. पाऊल जड होत असेल, तर छंदाला दोष न देता रियाजात काय बिघडले आहे ते शोधावे.

हा प्रश्न केवळ गवयांचा असता तर आम्ही त्यावर इतका कागद खर्च केला नसता. तो आपल्या घराघरांतला आहे. मुलगी गाणे शिकू लागली, की वर्षभरात आपण तिला परीक्षेस बसवितो. दुसऱ्या वर्षी स्पर्धेत उभी करतो. तिसऱ्या वर्षी 'यात पुढे काही आहे काय?' असे मास्तरांना विचारतो. मुलाने जुना रेडिओ उघडून पाटावर पसरला, तर 'याचे इंजिनिअरिंगमध्ये काही होईल' अशी आपण स्वतःची समजूत घालतो, तेव्हा कोठे त्याला पेचकस हाती धरू देतो. हेतू वाईट नसतो. पोटाची काळजी ज्यांनी केली आहे, त्यांना मुलांच्या पोटाची काळजी वाटणारच. परंतु मुलाच्या प्रत्येक आवडीला आपण असे लगेच कामास जुंपले, तर मोठेपणी त्याच्याजवळ कौशल्ये पुष्कळ असतील आणि आवड एकही असणार नाही. मग तो निवृत्त होऊन खुर्चीत बसला, की त्याला दिवस खावयास उठेल. आपल्या ओळखीच्या किती घरांत हे दृश्य दिसते, ते वाचकांनीच आठवून पाहावे.

शेवटी एक वस्तुस्थिती सांगून हे विवेचन पुरे करू. अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या सूरश्री केसरबाई केरकर (१८९२–१९७७) लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या. त्यांनी गायिलेली, साडेतीन मिनिटांची भैरवीतील एक रचना सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर कोरून १९७७ मध्ये व्हॉयेजर नावाच्या दोन अवकाशयानांबरोबर धाडण्यात आली. त्यांपैकी व्हॉयेजर १ हे ५ सप्टेंबरास निघाले. त्याच महिन्याच्या १६ तारखेस बाई वारल्या. त्या यानाच्या प्रक्षेपकाची शक्ती अवघी वीसेक वॉट, म्हणजे हौशी माणसाच्या टेबलावरील साध्या यंत्राएवढी. ३१ मार्च २००६ रोजी जर्मनीतील बोखुम येथे हौशी रेडिओवाल्यांनी २० मीटर व्यासाची तबकडी आकाशाकडे वळवून सुमारे १,४७० कोटी किलोमीटरांवरून आलेली त्या यानाची लहर पकडली. त्या लहरीत भैरवी नव्हती. गाणे यानाच्या अंगावर मुके पडलेले आहे, ते कोणालाही ऐकू येत नाही. त्यांना मिळाला तो नुसता एक बारीक, अखंड नाद. त्या नादाचा बाजारात काही उपयोग नव्हता, त्याबद्दल त्यांना कोणी दाम दिला नाही, आणि तो ऐकू यावा यासाठी त्यांनी आपल्या सवडीच्या घटका वेचल्या होत्या.

आपल्या गावातील एखादा गवई तंबोरा गवसणीत घालून अशाच एखाद्या नादाच्या शोधात बसलेला आढळला, तर त्याला तसाच बसू द्यावा. सकाळी तंबोरा पुन्हा बाहेर निघतोच. आणि तो निघाला नाही, तर त्या वेळी त्याला काय विचारावयाचे ते विचारण्यास आपण मोकळे आहोतच.